जितका धातू अलिप्त, तितकं त्याचं नाव जुनं

दहावीच्या वर्गात फळ्यावर धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी लिहीत होते. सगळ्यांत वर पोटॅशिअम, मग सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम. त्याखाली जस्त, लोखंड, कथील, शिसं, तांबं, पारा, चांदी आणि तळाला सोनं. लिहून होतंय तोच मागच्या बाकावरच्या एका मुलीचा प्रश्न आला, "बाई, सोडिअमला मराठीत काय म्हणतात?"

"सोडिअमच म्हणतात."

"मग जस्ताला झिंक का नाही लिहिलं?"

मुलं हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ही यादी मी कितीतरी वर्षं लिहीत आलेय, पण त्यातली नावं नुसती नावं म्हणून कधी वाचलीच नव्हती. वरची पाच परकी, खालची आठ आपली. मध्ये कुठे सरमिसळ नाही. ॲल्युमिनिअम आणि जस्त यांच्यामधून कोणी रेघ ओढावी तशी ही फाळणी आहे.

हीच यादी इंग्रजीत लिहिली तरी रेघ तिथेच पडते. वरची पाचही नावं 'इअम'ने संपतात. रेघ ओलांडून खाली आलं की झिंक, आयर्न, टिन, लेड, कॉपर, सिल्व्हर, गोल्ड, अशी आखूड, रोजच्या तोंडातली नावं. एक मर्क्युरी तेवढी वेगळ्या वळणाची, तिच्याकडे पुढे येते. एकमेकींपासून हजारो मैल दूर वाढलेल्या दोन भाषांना एकाच जागी खाच पडते, तेव्हा त्याचं कारण भाषेत सापडायचं नाही. ते धातूंतच शोधायला हवं.

त्यासाठी आधी अभिक्रियाशीलता म्हणजे काय ते नीट पाहू. पुस्तकात व्याख्या आहेच, पण मला खिळ्याचा प्रयोग जास्त भावतो. द्राक्षबागवाले बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणतात, तो निळा खडा, म्हणजे तांब्याचा क्षार. त्याची चिमूटभर पूड काचेच्या ग्लासातल्या पाण्यात विरघळवायची. (मोरचूद विषारी आहे, ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही.) पाणी सुंदर निळं होतं. त्यात एक लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून, दोरा बांधून सोडायचा. पाच-दहा मिनिटांतच खिळ्याच्या पाण्यात बुडालेल्या भागावर तांबूस थर धरायला लागतो. तासाभराने, कधी जास्त वेळाने, पाण्याचा निळा रंग फिका पडतो आणि हळूहळू हिरवट छटा येते. खिळ्यावर बसलं ते तांबं. पाण्यात उतरलं ते लोखंड. दोघांनी जागा बदलल्या.

असं का व्हावं? धातूचा अणू दुसऱ्याशी जोडला जातो तो आपले इलेक्ट्रॉन देऊन. लोखंडाला इलेक्ट्रॉन देऊन टाकायची घाई तांब्यापेक्षा जास्त. त्यामुळे मोरचुदात बांधल्या गेलेल्या तांब्याच्या हाती लोखंडाने आपले इलेक्ट्रॉन ठेवले, त्याला मोकळं केलं आणि त्याच्या जागी स्वतः बांधून घेतलं. हाच प्रयोग उलटा करून पाहा. हिराकशीच्या पाण्यात, म्हणजे लोखंडाच्या क्षारात, तांब्याची तार टाका. दिवसभर ठेवलीत तरी तांबं हलणार नाही. धातूंच्या अशा जोड्या लावत गेलं, कोण कोणाला हुसकतो ते टिपत गेलं की आपोआप एक शिडी तयार होते. ती शिडी म्हणजे फळ्यावरची यादी. वरचा धातू खालच्या प्रत्येकाला त्याच्या संयुगातून बाहेर काढतो.

वरच्या पायरीवरचं सोडिअम पाण्याला भेटलं की तिथल्या तिथे हायड्रोजन मोकळा करतं, तापून वितळतं आणि इवलीशी गोळी होऊन पाण्यावर सैरावैरा धावतं. पोटॅशिअम तर जांभळट ज्योतीने पेटतंच. म्हणून दोघांना रॉकेलमध्ये बुडवून ठेवावं लागतं, हवेतला ओलावासुद्धा लागू द्यायचा नाही. कॅल्शिअम पाण्यात नुसतं फसफसतं. मॅग्नेशिअमला पाणी गरम लागतं. लोखंड वाफेची वाट पाहतं. तांबं वाफेलाही दाद देत नाही.

मुलांना वाटतं, शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असला की धातू तापट. सोडिअमचं तसं आहे खरं. पण सोन्याच्याही शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो! फरक पकडीत आहे. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन आहेत आणि त्यांची ओढ त्या एकट्या इलेक्ट्रॉनवर इतकी घट्ट की तो सहजासहजी सुटत नाही. देण्याजोगं किती आहे यापेक्षा हात किती सैल आहे, यावर ही शिडी उभी आहे.

शिडीच्या मध्ये, शिशाच्या खाली आणि तांब्याच्या वर, हायड्रोजनची जागा दाखवतात. हायड्रोजन धातू नाही, पण त्याच्यावरचे धातू आम्लातून हायड्रोजन बाहेर काढतात आणि खालचे काढत नाहीत. देवघरातला तांब्याचा तांब्या चिंचेने घासला की लख्ख होतो तो त्याच्या पोटातलं तांबं विरघळून नव्हे. चिंचेतलं आम्ल वरचा काळपट ऑक्साइडचा थर तेवढा खातं, आतल्या धातूला त्याचं काही वाटत नाही. तेच लोखंडी तव्यावर चिंचेचा कोळ सांडून विसरून जा, सकाळी तिथे काळा डाग पडलेला दिसेल. मग तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई कशाला? कारण आंबट पदार्थ आणि हवा दोन्ही एकत्र आले की तांब्यावर ऑक्साइड धरत राहतो, तो आम्लात उतरत राहतो आणि अन्न कळकतं. माझ्या लहानपणी कल्हईवाला यायचा, भाता मारून भांडं तापवायचा, आत नवसागर टाकला की पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एक झटका. काळं पातेलं डोळ्यांदेखत चांदीचं होऊन जायचं. नवसागराने ऑक्साइड साफ केला आणि उघड्या तांब्यावर कथील धरलं, एवढंच ते. पण तेव्हा ती जादू होती, आणि कारण कळल्यावर मला ती जास्तच आवडली.

आता मूळ प्रश्न, ती रेघ. धातू जमिनीत सहसा सुटा सापडत नाही. तो ऑक्सिजनशी नाहीतर गंधकाशी बांधलेला, दगडासारखा सापडतो. सोनं याला अपवाद. त्याला कोणाशी बांधून घ्यायचंच नसतं, म्हणून ते नदीच्या वाळूत पिवळंधमक, तयार धातू म्हणून मिळतं. माणसाला फक्त वाकून उचलायचं होतं. बल्गेरियात वार्ना इथल्या थडग्यांमध्ये सोन्याचे दागिने सापडले, ते साडेसहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. पारा हवा असेल तर हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज, नुसता तापवला की पुरे. तांब्याच्या हिरव्या खनिजाला मात्र मदत लागते आणि ती मदत चुलीतच पडलेली असते. लोणारी कोळसा, म्हणजे कार्बन, भट्टीच्या आचेत धातूकडून ऑक्सिजन हिसकावून घेतो, धातू मोकळा होतो. रसायनशास्त्रात याला क्षपण म्हणतात.

म्हणजे कार्बनलाही या शिडीवर एक पायरी आहे. कार्बनच्या खालच्या धातूंना कोळसा सोडवू शकतो, वरच्यांना नाही. आणि साध्या भट्टीच्या हिशेबाने कार्बनची ती पायरी बरोब्बर ॲल्युमिनिअम आणि जस्त यांच्यामध्ये येते.

ती रेघ कोळशाची आहे! जे धातू कोळशाने सुटले ते आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात आले, त्यांना घरची नावं मिळाली. जे कोळशाला बधले नाहीत ते पायाखालच्या मातीत, मिठात, चुन्यात हजारो वर्षं आपल्यासोबत राहिले, पण कोणाला दिसले नाहीत. ज्याला कोणी पाहिलंच नाही त्याला नाव कोण देणार? सोनार, लोहार, तांबट, कासार, ओतारी ही सगळी आडनावं आणि पेठा-आळ्या रेघेखालच्या धातूंच्या आहेत. पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे. सोडिअमचा कारागीर कोणत्याच गावात नव्हता.

रेघेखालीसुद्धा वेळापत्रक शिडीनेच ठरवलेलं दिसतं. महाराष्ट्रातलंच पाहायचं तर प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली तांब्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. मिळून साठ किलोंवर वजन आणि काळ लोखंडाच्या बराच आधीचा. लोखंड आपल्याकडे विदर्भातल्या महापाषाणीय, म्हणजे मोठाल्या दगडांची दफनस्थळं उभारणाऱ्या, लोकांच्या वस्त्यांमधून ठळकपणे दिसू लागतं. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला त्यांची लोखंड गाळायची भट्टीच उत्खननात मिळाली. लोखंड ऑक्सिजनला तांब्यापेक्षा घट्ट धरून बसतं आणि वितळतंही फार वर, १५३८ अंशांना. तांबं १०८५ला. जुन्या भट्टीत लोखंड वितळायचंच नाही, स्पंजासारखा तांबडा गोळा निघायचा आणि तो ठोकून ठोकून त्यातली मळी काढावी लागायची.

या उशिराने आलेल्या लोखंडाची खूण आपल्या भाषेत राहिली आहे. लोह हा शब्द मुळात तांबड्या रंगाचा, लोहितचा सख्खा. आधी तो तांब्याला वापरत. नवा काळा धातू आला आणि त्याने तांब्याचं नाव घेतलं. तांब्याला ताम्र हे नाव राहिलं, तेही रंगावरूनच. आपण तांबडा म्हणतो तेव्हा त्यात तेच ताम्र असतं.

आता इंग्रजीकडे. तिची गोष्ट साधारण पाचव्या शतकात सुरू होते. रोमन सैन्य ब्रिटनमधून गेलं आणि उत्तर समुद्रापलीकडून अँगल, सॅक्सन, ज्यूट या टोळ्या येऊन तिथे वसल्या. त्यांची बोली ती जुनी इंग्रजी. आजच्या इंग्रज माणसाला ती वाचता येणार नाही इतकी वेगळी, पण धातूंची नावं मात्र ओळखीची आहेत. गोल्ड तेव्हाही गोल्डच. सिल्व्हरचं रूप सेओल्फोर, आयर्नची रूपं ईसेर्न आणि ईरेन, लेडचं लेआड. टिन तेव्हाही टिन. कॉपरला कोपोर म्हणत आणि तो शब्द लॅटिनमधून फार लवकर आलेला पाहुणा होता. सायप्रस बेटावरचा धातू म्हणून क्युप्रम, त्याचं कोपोर. आयर्न हा शब्द जर्मानिक भाषांनी केल्ट लोकांकडून घेतला असं भाषातज्ज्ञ मानतात. लोखंडाचं कसब ज्यांच्याकडून शिकलं त्यांच्याकडूनच शब्दही घेतला, हे मला अगदी पटतं.

इथे थोडं थांबते, कारण मराठी वाचकाला इथे आपल्या घरची माणसं भेटतात. गोल्ड आणि यलो एकाच जुन्या मुळापासून आले, अर्थ पिवळं आणि चमकणारं. त्याच मुळापासून संस्कृतातला हरि म्हणजे पिवळसर हा शब्द आला, आणि हिरण्य म्हणजे सोनं. आपली हळद ही हरिद्रा. इंग्रजाचं गोल्ड आणि आपल्या फोडणीतली हळद एका कुळातली निघाली. चांदीची गोष्ट आणखी वेगळी. लॅटिनमध्ये चांदीला अर्जेंटम म्हणतात, रसायनशास्त्रातली तिची संज्ञा त्यावरूनच आहे. आपलं रजत त्याच मुळाचं, अर्थ शुभ्र, झळाळणारं, आणि अर्जुन हे नावही तिथलंच. इंग्रजी सिल्व्हरचं मात्र या घराण्याशी नातं नाही. चांदीच्या बाबतीत आपण लॅटिनला इंग्रजीपेक्षा जवळचे.

पाऱ्याला जुन्या इंग्रजीत क्विकसेओल्फोर म्हणत, पुढे त्याचं क्विकसिल्व्हर झालं. आज क्विक म्हणजे चटकन. तेव्हा क्विक म्हणजे जिवंत. जिवंत चांदी! तळहातावर पाऱ्याचा थेंब थरथरताना ज्याने पाहिला असेल त्याला हे नाव ठेवणाऱ्याचं कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही. (पाहिला असेल तर पुन्हा हातात घेऊ नका, वाफ विषारी असते.) मर्क्युरी हे नाव किमयागारांच्या लॅटिनमधून, बुध ग्रहाच्या नावावरून नंतर आलं आणि हळूहळू त्याने जुन्या नावाला बाजूला सारलं.

मग १०६६ साल. नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकतो आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार, न्यायालय, मोठी घरं फ्रेंच बोलतात. इंग्रजीत हजारो फ्रेंच शब्द शिरले. धातूंची घरगुती नावं मात्र जागची हलली नाहीत, कारण ती शेतकऱ्याच्या आणि लोहाराच्या तोंडात होती. बदललं ते वरचं कवच. या सगळ्यांना मिळून म्हणायचा मेटल हा शब्द फ्रेंचमधून आला. तो मुळात ग्रीक, अर्थ खाण. ठोकणारा स्मिथ अस्सल इंग्रजी राहिला, म्हणून ब्लॅकस्मिथ, गोल्डस्मिथ. पण प्लंबर फ्रेंचमार्गे आला. लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणतात आणि रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करत. इंग्लंडातल्या बाथ गावी त्यांच्या स्नानकुंडाच्या तळाला घातलेले शिशाचे पत्रे आजही आहेत. नळाचं काम करणारा तो शिशेवाला. आपण नळ दुरुस्त करायला प्लंबरला फोन करतो तेव्हा नकळत शिशाचं नाव घेतो. इंग्रजीत तर धातूला लेड हा जुना शब्द आणि कारागिराला प्लंबर हा नवा, दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. तिच्या इतिहासाचे दोन थर एकाच नळावर दिसतात.

त्यानंतर सातएकशे वर्षं रेघेवरचं कोणी हाती लागलं नाही. कोळसा जिथे हरला तिथे विजेने हात घातला. १८०० साली इटलीत व्होल्टाने पहिला विद्युतघट बनवला. ऑक्टोबर १८०७मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये २८ वर्षांच्या हम्फ्री डेव्हीने किंचित ओलसर पोटॅशचा तुकडा प्लॅटिनमच्या तबकडीवर ठेवला आणि त्यातून वीज सोडली. पोटॅश वितळू लागलं आणि खालच्या बाजूला पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसू लागले. काही थेंब तिथेच फट्कन पेटले. तेव्हा त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या चुलतभावाने लिहून ठेवलंय की डेव्ही आनंदाने खोलीभर नाचला. कोणाही शिक्षकाने हे मुलांना जरूर सांगावं. शोध लागला तेव्हा माणूस नाचला, हे पुस्तकातल्या ओळीत येत नाही.

थोड्याच दिवसांत त्याने सोड्यातून सोडिअम काढलं, पुढच्या वर्षी कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम वेगळे केले. आणि आता नावं ठेवायची वेळ आली. ती ठेवणारे लोहार नव्हते, विद्वान होते, आणि विद्वानांची भाषा लॅटिन. ऑरम, फेरम, प्लंबम यांच्या चालीवर नव्या नावांना 'इअम' लागलं. पण त्या झुलीखाली शब्द साधे आहेत. पोटॅश म्हणजे पॉट आणि ॲश, भांडं आणि राख. लाकडाच्या राखेचं पाणी भांड्यात आटवून जो पांढरा क्षार राहायचा तो पोटॅश. आपल्याकडे चुलीतल्या राखेने भांडी घासत, तेव्हा तेलकटपणा काढणारा क्षार तोच होता. पोटॅशिअमची संज्ञा इंग्रजी 'के' आहे ती कॅलिअम या नावावरून आणि त्याच्या मागे अरबीतला राखेचाच शब्द आहे. सोडिअमची संज्ञा 'एनए' ही नॅट्रिअमची. ते नाव नॅट्रॉनचं, इजिप्तमध्ये ममीसाठी वापरायचे त्या क्षाराचं. आमच्या मुलांना या दोन संज्ञा पाठ करताना रडू येतं, कारण नावात 'के' नाही आणि 'एन' नाही. दोन भाषांमधली दोन नावं एकाच धातूला चिकटली, एवढाच तो घोळ.

आणि मराठी? शेतकऱ्याला विचारा. तो खताच्या गोणीवरचे आकडे वाचून नत्र, स्फुरद, पालाश असं म्हणतो. पोटॅशला पालाश हे मराठी नाव आहे आणि ते शेतात रोज वापरात आहे. धातूला नाही, पण त्याच्या क्षाराला आहे, कारण क्षार हाताला लागतो आणि धातू रॉकेलच्या बाटलीतून बाहेर येत नाही. त्या दिवशी मुलीला हे उत्तर द्यायला हवं होतं.

कोळशाच्या हिशेबाला अपवाद आहेत, ते लपवायचे नाहीत. प्लॅटिनम शिडीच्या तळाशी, सोन्याच्या शेजारी, अगदी अलिप्त, तरी इंग्रजीत त्याचं नाव अठराव्या शतकातलं. कारण ते दुर्मीळ, आणि १७६८ अंशांपर्यंत वितळत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या नदीत स्पॅनिश लोकांना ते सोन्यासोबत मिळालं आणि त्यांनी त्याला प्लातिना म्हटलं, म्हणजे बारकी चांदी. आणि रेघेवर विजेचं राज्य सुरू झाल्यावर शिडीचा क्रम उलटाच झाला. सगळ्यांत हट्टी पोटॅशिअम आधी निघालं आणि पाचांत सौम्य असलेलं ॲल्युमिनिअम सगळ्यांत शेवटी. पोटॅश सहज वितळतं. ॲल्युमिनिअमचा ऑक्साइड दोन हजार अंशांच्या वर. वितळल्याशिवाय त्यातून वीज जाणार कशी?

ॲल्युमिनिअमचं नाव तर धातू हाती येण्याआधीच ठेवलेलं. तुरटीला लॅटिनमध्ये ॲल्युमेन म्हणतात, त्यावरून डेव्हीने १८०८मध्ये ॲल्युमिअम म्हटलं, १८१२मध्ये ॲल्युमिनम केलं. इतरांना ते सोडिअम-पोटॅशिअमच्या रांगेत बसवायचं होतं, म्हणून ॲल्युमिनिअम. अमेरिकेने ॲल्युमिनम ठेवलं, ब्रिटनने ॲल्युमिनिअम, आणि हा वाद आजही मिटलेला नाही. धातू पहिल्यांदा मिळाला १८२५ला, तोही पोटॅशिअमच्या जोरावर. शिडीवरचा वरचा खालच्याला हुसकतो, तोच नियम. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर मानाने ॲल्युमिनिअमचा कळस बसवला इतका तो मोलाचा होता. दोनच वर्षांनी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघेही १८६३ला जन्मलेले, यांनी एकमेकांना न ओळखता ऑक्साइड क्रायोलाइट नावाच्या वितळलेल्या खनिजात विरघळवून वीज सोडायची युक्ती काढली. तिथून तो आपल्या पातेल्यांपर्यंत घसरला.

मुलं विचारतात, हा धातू एवढा वर आहे तर कुकर पाण्यात विरघळत कसा नाही? कारण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा बसतो आणि आतला धातू झाकून टाकतो. पापुद्रा हटवला की खरा स्वभाव दिसतो. काळी पडलेली चांदीची नीरांजनं घरी असतील तर करून पाहा. पातेल्यात ॲल्युमिनिअमची फॉइल अंथरायची, तिला टेकून नीरांजन ठेवायचं, खायचा सोडा टाकायचा आणि उकळतं पाणी ओतायचं. बुडबुडे येतात, सडक्या अंड्यासारखा मंद वास येतो. चांदी काळी पडली होती ती हवेतल्या गंधकाशी बांधली गेल्याने. सोड्याने फॉइलचा पापुद्रा मोडला, ॲल्युमिनिअमने इलेक्ट्रॉन दिले, चांदी सुटली. घासून चांदी झिजते, इथे काळी झालेली चांदी पुन्हा चांदी होऊन जागेवरच बसते. रेल्वेच्या रुळांचे सांधे जोडतानाही हाच स्वभाव कामी येतो. ॲल्युमिनिअमची पूड लोखंडाच्या ऑक्साइडमधून लोखंड सोडवते आणि ते वितळलेलं फटीत उतरतं.

राहिलं जस्त, त्या मुलीचा दुसरा प्रश्न. जस्त रेघेला लागून खाली आहे, म्हणजे कोळशाने निघतं, पण जेमतेम. सुटायला हजार अंशांच्या वर आच लागते आणि जस्त उकळतं ९०७ला. म्हणजे मोकळं होतं ते वाफ होऊनच, आणि वाफेला हवा भेटली की पुन्हा राख. युरोपात भट्ट्यांच्या कडेला ती पांढरी राख कितीदा जमली असेल, धातू हातात यायचा नाही.

राजस्थानात उदयपूरजवळ जावरला कारागिरांनी हे कोडं सोडवलं. वांग्याच्या आकाराच्या बंद मातीच्या मुशीत खनिज आणि कोळसा भरायचा, देठाच्या जागी नळी, आणि मुशी उलट्या टांगायच्या, तोंड खाली. एका भट्टीत ३६. वर आग, खाली गार कप्पा. वाफेला वर जायला वाटच नाही, ती खाली उतरते आणि हवा न लागता थेंब होऊन गळते. निदान चौदाव्या शतकापासून तिथे हे मोठ्या प्रमाणावर चालू होतं. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने १७३८मध्ये जस्ताचं पेटंट घेतलं, आणि त्याच्याही भट्टीत वाफ खालीच उतरवलेली होती. झिंक हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात जर्मनमधून आला. तोवर इथे संस्कृत ग्रंथांत यशद होतं, बाजारात जस्त होतं आणि बिदरचे कारागीर त्यावर चांदीची नक्षी जडवत होते. म्हणून फळ्यावर जस्त लिहिलं. ते आपल्याकडे आधी आलं.

जावरला वापरून झालेल्या मुशी कोणी फेकल्या नाहीत. तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींमध्ये त्या विटांसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात, गोल बुंधे ओळीने बाहेरच्या बाजूला.